बावन्न सेकंद, तोंड मिटून

राष्ट्रगीत चालू असताना कोणी हललं, तर बावन्नमामा त्याला मारायचे. आणि स्वतः मात्र त्यांनी ते गीत कधीच म्हटलं नाही. लातूरच्या आमच्या शाळेत मी रोज सकाळी साडेदहाला त्यांना पाहत असे. ध्वजस्तंभाच्या डाव्या बाजूला ते उभे असायचे. खाकी सदऱ्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, टाचा जुळलेल्या, नजर समोर, आणि ओठ असे गच्च मिटलेले की दाभणाने शिवलेत असं वाटावं. आठशे मुलं गायची. आम्ही शिक्षक गायचो. मामा गायचे नाहीत. बावीस वर्षांत एकदाही नाही.

ईरा, मागच्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "आजी, आपल्या राष्ट्रगीताचा अर्थ काय? ते कशासाठी लिहिलं? मला वर्गात पाच मिनिटं बोलायचंय." मी तुला दहा ओळी लिहून पाठवल्या. त्या बरोबर होत्या, तुझ्या बाईंनी शाबासकीही दिली. पण तू हे फोनवर सांगत होतीस तेव्हा मागून तुझा दादा निनाद ओरडला, "आजी, ह्यात स्टोरी काहीच नाही!" त्याचं खरं होतं. स्टोरी मी गाळली होती, कारण ती गोड नाही. पण तू आता तेरा वर्षांची आहेस आणि निनाद सोळाचा. तुम्ही ती वाचू शकाल.

मामा आमच्या शाळेचे शिपाई. आपल्याकडे शाळेच्या शिपायाला सगळे मामाच म्हणतात. 'बावन्न' हे मुलांनी लावलेलं. राष्ट्रगीत साधारण बावन्न सेकंदांत पूर्ण व्हावं असा सरकारी नियम आहे. शिक्षकांतल्या निम्म्यांना तो ठाऊक नव्हता. मामांना होता. पट्टा तुटलेलं एक घड्याळ ते खिशातून काढून तळहातावर धरायचे. गीत साठ सेकंदांवर गेलं की म्हणायचे, "पुन्यांदा." पंचेचाळीसमध्ये उरकलं तरी, "पुन्यांदा. पळून कुठं चाललाव? मागं लांडगा लागलाय का?" एकदा तर त्यांनी पाच वेळा म्हणायला लावलं आणि पहिला तास बुडाला. गणिताचे सर चिडले. मामा त्यांना शांतपणे म्हणाले, "सर, तुमचं गनित चुकलं तर पोरगं नापास होतंय. हे चुकलं तर काय होतंय, ते तुमाला ठावं न्हाई." शिपायाचा माज, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो. मीही म्हणाले.

ओढ्याकाठी बेशरमाची झुडपं माजतात. त्यांचा एक हिरवा फोक मामांच्या कमरेला कायम खोचलेला असे. मुलांच्या पोटऱ्यांवर त्याचे वळ असायचे आणि त्या काळी पालक त्याबद्दल मामांचे आभार मानायचे. मोठ्यांनाही सूट नव्हती. एका सव्वीस जानेवारीला पाहुणे म्हणून एक पुढारी आले होते. इकडे राष्ट्रगीत सुरू झालं आणि फाटकाशी त्यांच्या ड्रायव्हरने बिडी पेटवली. गीत संपेपर्यंत मामा जागचे हलले नाहीत. संपल्यावर चालत गेले, ड्रायव्हरची गचांडी धरली आणि त्याला पाण्याच्या हौदात डोक्यापर्यंत बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. मुख्याध्यापक धावले. "अहो मामा, सोडा! मरेल तो!"

"न्हाई मरत, सर," मामा म्हणाले. "बिडी इझली का, तेवढं बघून राहिलो."

पाहुणे हसले, म्हणून सगळे हसले. ड्रायव्हर मात्र हौदाच्या कठड्याला धरून ओकत होता. मी तेव्हा त्याच्याकडे नीट पाहायला हवं होतं.

पुढे मी पर्यवेक्षिका झाले. त्याच वर्षी पावसाळ्यात एक दिवस राष्ट्रगीत चालू असताना मैदानात एक कुत्रं शिरलं आणि सातवीच्या रांगेपुढे येऊन मुलांसारखंच ताठ बसलं. रांगेतला एक मुलगा फिसकन हसला. गीत संपलं. मामा त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी उलट्या हाताने एक, फक्त एक, कानाखाली मारली. मुलगा गिरकी खाऊन खडीवर आदळला. उठला तेव्हा त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय.

त्याची आई गंजगोलाईच्या बाजारात भाजी विकायची. टोपली तशीच सोडून ती शाळेत आली. तिने आरडाओरडा केला नाही, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "बाई," ती म्हणाली, "चोरी केली असती तर म्या बी मारलं असतं. ह्यो हसला. हसनं गुन्हा हाय का तुमच्या शाळंत?"

चौकशी माझ्याकडे आली. मी प्रश्न लिहून काढले आणि मामांना समोर बसवलं. ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"मारलंत?"

"हाव."

"कशाने?"

"हातानं."

"कारण?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. "लिवा, माजी चूक."

"चूक लिहिली. कारणाचा रकाना रिकामा आहे, मामा."

"कारन लई जुनं हाय बाई. तुमच्या रकान्यात मावायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मामा आमच्या घरी आले. खुर्ची दिली तर नको म्हणाले आणि पायरीवर बसले. तुमचे आजोबा पेपर वाचत होते, ते उठून आत गेले. मग मामांनी जे सांगितलं, ते मी तुम्हाला त्यांच्याच क्रमाने सांगते.

मामांचं गाव भोकर तालुक्यात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा आपला सगळा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. बाकी देश स्वतंत्र झाला तरी आपण वर्षभर नव्हतो झालो. गावात एका खोलीची शाळा होती आणि हमीद मास्तर नावाचे एकच शिक्षक. रोज सकाळी झेंड्याची दोरी ओढली की मुलांनी निजामाचं गाणं म्हणायचं: देवा, आमच्या या राजाला उदंड आयुष्य दे, त्याचं राज्य अखंड ठेव. भाषा उर्दू. मुलांना त्यातलं अक्षर कळत नसे. ज्याचा आवाज मोठा त्याने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी मागून ओढायचं. सुरुवात करणारा मुलगा म्हणजे नऊ वर्षांचे मामा. "दोरी हालली की तोंड उघडायचं, येवढंच ठावं होतं मला," ते म्हणाले. "बैलाला कसं, जू दिसलं की मान खाली."

त्या वर्षी रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या टोळ्या, दोनदा गावात आल्या. पहिल्यांदा धान्य नेलं. दुसऱ्यांदा चावडीपुढे दोन माणसांना गोळ्या घातल्या, कडब्याच्या गंजी पेटवल्या आणि मामांच्या चुलत्याला कडुलिंबाला उलटं टांगून ओल्या दोरखंडाने मारलं. त्याच्या पाठीची कातडी दोरखंडाला चिकटून निघत होती. हमीद मास्तर धावत आले, 'छोड़ो, मर जाएगा' म्हणत त्यांच्या पाया पडले. "त्यायनी मास्तरलाबी लाथा घातल्या," मामा म्हणाले. "तोंडातून रगत आलं मास्तरच्या. ते मातर गावानं ध्यानात ठिवलं न्हाई."

मग भारताचं सैन्य आलं. पाच दिवसांत निजाम शरण आला. इथपर्यंत तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल. त्यानंतरचे दिवस पुस्तकात फारसे नसतात. इतके दिवस ज्यांनी मार खाल्ला होता त्यांच्या हातात आता काठ्या आल्या, आणि बऱ्याच गावांत त्या काठ्यांनी माणूस न बघता नुसता त्याचा धर्म बघितला. मामांनी हे माझ्यापेक्षा नीट सांगितलं: "ज्यायनी मारलं ते पळून गेले, बाई. ज्यायला पळायचं कारनच न्हवतं, ते घरी सापडले."

शाळेपुढे तिरंगा लावायचं ठरलं. चाळीसएक गडी जमले, हातात काठ्या, कुऱ्हाडी. हमीद मास्तरांनी आदल्या दिवशी मुलांना सांगून ठेवलं होतं, "कल कुछ नहीं गाना. चुप खड़े रहना." भोकरहून त्यांनी नवं गाणं एका कागदावर उतरवून आणलं होतं. स्वतःलाच अजून पाठ नव्हतं, म्हणून कागद हातात धरून उभे होते. कुणीतरी दोरी ओढली. दोरी हलली आणि नऊ वर्षांच्या पोराने छाती भरून घेतली आणि सुरू केलं. निजामाचं गाणं. मागून सगळ्या वर्गाने ओढलं.

"म्या डोळे मिटून गात हुतो, बाई," मामा म्हणाले. "आवाज लई चांगला लागला हुता त्या दिवशी."

दोन ओळी झाल्या आणि मुलांचे आवाज एकेक करून बंद पडले. मामांनी डोळे उघडले. त्यांचा तोच चुलता पुढे आला होता. पाठीच्या जखमांवर अजून हळदीची पट्टी होती. त्याने विचारलं, "कुनी सुरू केलं हे?"

पोरगा बोलला नाही. हमीद मास्तरांनी त्याला मागे ढकललं आणि म्हणाले, "मैं बोला बच्चों को. बच्चों को कुछ नको करो."

पहिली काठी चुलत्याची. टोपी उडाली. दुसरीला मास्तर गुडघ्यावर आले, कागद अजून हातातच. मग सगळ्यांनीच हात धुऊन घेतले, ज्यांना मास्तरांनी अक्षरं गिरवायला शिकवली होती त्यांनीही. मामा पळाले आणि ज्वारीत शिरले. ज्वारी पुरुषभर उंच होती, काही दिसत नव्हतं. ऐकू येत होतं. बराच वेळ नुसता काठ्यांचा आवाज. आधी कोरडा होता, मग ओला झाला. मग तो थांबला आणि त्या लोकांनी झेंड्याखाली नवं गाणं म्हणायला घेतलं.

"एकालाबी पुरतं येत न्हवतं," मामा म्हणाले. "दोन वळी म्हनल्या आन् थांबले. मग पुन्यांदा त्याच दोन वळी."

मास्तरांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी गाव सोडलं. ती तेलंगणाकडे गेली म्हणतात. पुढे गावाने एक गोष्ट तयार केली. मास्तर रझाकारांचा माणूस होता, त्याने मुद्दाम मुलांना पढवून तिरंग्याचा अपमान केला, आणि चुलत्याने गावाची अब्रू राखली. पोराने ती गोष्ट दर वर्षी ऐकली आणि तोंड उघडलं नाही. बाराव्या वर्षी तो घरातून पळून लातूरला आला. भोकरची पाटी लावलेली बस दिसली, तरी मामा रस्त्याच्या पलीकडे तोंड करायचे.

मग मी शिक्षिकेने विचारावं तेच विचारलं. "पण मग मामा, तुम्ही मुलांना का मारता?"

"भ्या वाटतं, बाई. एखादं हाललं, हासलं, चुकलं, की मला काठ्या दिसाया लागत्यात. कुनी दुसऱ्यानं मारायच्या आत म्या मारतो."

"मामा," मी म्हणाले, "त्या मुलाच्या कानातून रक्त आलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं. काठीवाले तुम्हीच होतात."

हे कठोर होतं. मला ते मागे घ्यावंसं आजही वाटत नाही. मामा उठले. पायरीवर हात टेकवून उठले, म्हाताऱ्यासारखे, आणि तेव्हा ते पन्नाशीलाही पोचले नव्हते. त्यानंतर त्यांनी कुणावर हात उचलला नाही. त्या मुलाला दर आठवड्याला सायकलवर बसवून कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे. पण कान अर्धा गेला तो गेलाच.

महिन्याभराने मधल्या सुट्टीत ते माझ्याकडे आले. "बाई, तुमी इंग्रजी शिकलेल्या. त्या गान्यात हाय काय, ते मला सांगा. जुन्याचा अर्थ ठावं न्हवता आन् म्या म्हनलो. नव्याचा तरी कळू द्या." मी ग्रंथालयातून कवीने स्वतःच केलेला इंग्रजी अनुवाद काढला आणि त्यावरून मराठीत सांगितलं. गीत मूळ बंगालीतलं, संस्कृत शब्दांनी भरलेलं. देश स्वतंत्र व्हायच्या कितीतरी आधी, कलकत्त्याच्या एका अधिवेशनात ते पहिल्यांदा गायलं गेलं. प्रजासत्ताक व्हायच्या दोनच दिवस आधी ते राष्ट्रगीत म्हणून ठरलं. आपण एकच कडवं म्हणतो, मुळात पाच आहेत. पहिल्यात पंजाबपासून बंगालपर्यंतचे प्रदेश, डोंगर, नद्या, समुद्राच्या लाटा: हे सगळे जागे होऊन त्याचा जय मागतात.

"कुनाचा जय?" मामांनी लगेच अडवलं. "ते सांगा आदी. जुन्यात निजामाचा हुता. ह्यात कुनाचा?"

"लोकांच्या मनांवर ज्याची सत्ता आहे त्याचा. देशाचं भाग्य घडवणाऱ्याचा. कवीने नाव घेतलेलं नाही. काहींनी म्हटलं, इंग्रजांच्या राजाचा जय आहे. कवीला त्याचा फार राग आला. त्यांनी सांगितलं, युगानुयुगं माणसांचा रथ हाकणारा जो आहे, तो कुठलाही राजा कसा असेल?"

मामांनी विचार केला. "नाव घेतलं न्हाई ते बेस केलं. नाव घेतलं की मानसं काठ्या काढत्यात."

दुसऱ्या कडव्याला मी आले. त्यात हाक ऐकून कोण कोण येतं, याची यादी आहे: हिंदू, बौद्ध, शीख, जैन, पारशी, मुसलमान, ख्रिस्ती. ते सगळे येतात आणि प्रेमाचा हार गुंफला जातो.

"थांबा," मामा म्हणाले. "मुसलमान हाय ह्यात?"

"आहे. नावानिशी."

"छापलेलं हाय?"

मी पुस्तक त्यांच्यापुढे केलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मी तो शब्द बोटाने दाखवला आणि त्यांनी त्याच्यावर आपलं बोट ठेवलं. मग निघून गेले. त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा सात मिनिटं उशिरा झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा नवा नियम सुरू झाला. ज्याला पुढे उभं राहून राष्ट्रगीत सुरू करायचं आहे, त्याने आधी पाचही कडव्यांचा अर्थ मराठीत सांगायचा. "अर्थ सांग, मग तोंड उघड." आमच्या शाळेतून गेलेल्या कित्येकांना तो अर्थ आजही येतो. ईरा, तुला पाठवलेल्या त्या दहा ओळी मी मामांसाठी केलेल्या मराठीतूनच उतरवल्या होत्या.

निवृत्त झाल्यावर मामा चाकूरला लेकीकडे राहू लागले. सणासुदीला लातूरला यायचे, शेंगा आणायचे, पायरीवर बसायचे. मुक्तिसंग्रामाला पंच्याहत्तर वर्षं झाली त्या वर्षी मात्र ते भलत्याच वेळी आले, हातात एक रंगीत पत्रिका घेऊन. त्यांच्या गावाने बोलावलं होतं. सतरा सप्टेंबरला शाळेपुढे मोठी कमान उभारून तिला त्यांच्या चुलत्याचं नाव द्यायचं होतं. त्या वेळच्या मुलांपैकी हे एकटेच जिवंत, म्हणून हमीद मास्तराला गावाने कसा धडा शिकवला ते यांनी माइकवर सांगायचं. समितीचा अध्यक्ष होता विकास. त्या चुलत्याचा पणतू, म्हणजे मामांच्याच घरातला पोरगा.

"जाऊ नका," मी म्हणाले.

"जातो. चौऱ्याऐंशीचा झालो. आता न्हाई बोललो तर कवा? कमान दगडाची करून राहिलेत, बाई. दगडावर लिवलेलं खोटं म्या मेल्यावर कोन पुसनार?"

त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं, दीड पान. बोलताना विसरले तर माझ्या हातात असावं म्हणून ते मला भाड्याच्या गाडीने सोबत घेऊन गेले.

मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कर्णे. झेंडावंदन झालं, राष्ट्रगीत ध्वनिफितीवर लागलं. मग विकासने मामांना हाताला धरून माइकपुढे आणलं आणि त्यांच्या पाया पडला. टाळ्या वाजल्या. मामांनी आधी सगळ्यांना रामराम केला. मग म्हणाले, "ते गानं म्या सुरू केलं हुतं. मास्तरनं न्हाई. मास्तरनं गप ऱ्हावा म्हनून सांगितलं हुतं. मला वाचवाया मास्तर खोटं बोलला आन् माझ्या चुलत्यानं त्याला पहिली काठी घातली. तो मानूस रझाकाराचा न्हवता. माझ्या चुलत्यासाठी त्यानं रझाकाराच्या लाथा खाल्ल्या हुत्या."

मंडपात कुणीतरी म्हणालं, "म्हातारा चळला." कुणीतरी हसलं. विकासने माइक हिसकावला. "आजोबा, खाली बसा. आमच्या पणज्याला खुनी म्हनता?"

"म्या म्हनत न्हाई, बाळा," मामा माइकशिवायच म्हणाले. "म्या बघितलं."

विकासने त्यांच्या तोंडात मारली. कवळी मंचावर पडली. मामा पडले नाहीत, मंचाच्या खांबाला धरून उभे राहिले आणि पुढचं वाक्य बोलू लागले. तेव्हा त्याने खुर्ची उचलली. दोनदा मारली, एकदा खांद्यावर, एकदा कमरेत, आणि मामा मंचावरून खाली पडले. खाली जे होते त्यांतल्या दोघातिघांनी लाथा घातल्या. मी ओरडत पुढे गेले, तर एका माणसाने माझा पदर ओढून मला मागे पाडलं. चष्मा फुटला. कर्ण्यावर कुणीतरी जयघोष सुरू केला आणि लोक तो देऊ लागले. त्या आवाजात आमच्या गाडीचा ड्रायव्हर आणि गावातल्या दोन बायका यांनी मामांना उचलून गाडीपर्यंत आणलं. त्या दोघींपैकी एकीने जाताना माझ्या कानात म्हटलं, "आमची आजी बी हेच सांगत हुती. पर हळू."

नांदेडच्या दवाखान्यात खुब्याचं हाड मोडल्याचं कळलं. संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. भला माणूस होता, समजूत घालायला लागला. "आजोबा, घरचाच पोरगा हाय. तरुण हाय. पाय घसरला असं लिहू का? मिटून जाईल."

मामांचा ओठ फाटलेला होता, कवळी नव्हती, शब्द नीट उमटत नव्हते. तरी त्यांनी एकेक शब्द वेगळा केला. "नाव लिवा. विकास. बापाचं नाव सांगतो, तेबी लिवा. हमीद मास्तर खोटं बोलले आन् एक पोरगं वाचलं. त्याच खोट्यावर आता कमान उभी ऱ्हातीया. ह्या बारीला खरं लिवा." हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी माझं नाव साक्षीदार म्हणून सांगितलं.

मामा अकरा आठवडे अंथरुणावर होते. शेवटी छाती भरली. मी गेले होते तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तारीख पडली की जाल ना, बाई?" मी जाईन म्हणाले. ते बरं म्हणाले आणि भिंतीकडे वळले. चार दिवसांनी चाकूरहून लेकीचा फोन आला.

तारीख आता पडली आहे, मे महिन्यातली, भोकरच्या कोर्टात. मामा नाहीत. ड्रायव्हर आता 'मी गाडीतच होतो' म्हणतो. त्या दोन बायकांना मी विचारलं नाही, त्यांना त्याच गावात राहायचं आहे. राहिले मी. विकासची माणसं दोनदा घरी येऊन गेली. पहिल्यांदा पेढे घेऊन आली. म्हणाली, बाई, तुमचं वय झालं, तुम्हाला नीट दिसलं नसेल. दुसऱ्यांदा कुणी आत आलं नाही. दिवाणखान्याच्या काचेतून दगड आला. काच मी बदलून घेतली आहे. दगड पोलिसांकडे दिला आहे.

तुमच्याकडे यायचं माझं मेचं तिकीट तुमच्या बाबांनी केव्हाच काढलं होतं. ते मी काल रद्द केलं. त्यावरून फोनवर आमचं बरंच वाजलं. त्यांचं म्हणणं, आई, ज्याला जायचं होतं तो गेला, आता एका शिपायासाठी कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढतेस? मला फोनवर नीट सांगता आलं नाही. माझा आवाज चढला आणि त्यांनी फोन ठेवला. तुम्ही दोघांनी आता सगळं वाचलं आहे. मी मे महिन्यात का येत नाही, ते तुम्हीच त्यांना सांगा.